पाडलेल्या काँक्रीटची खडी रस्त्याखाली कशी वापरावी : सोलापूर परिसरातल्या नवख्यांसाठी

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या पट्ट्यात जुने बंगले पाडून अपार्टमेंट उभी राहतायत. जुनी शेड, जुन्या टाक्या उतरवल्या जातायत. त्यातून निघालेला राडारोडा रात्रीतून ओढ्याच्या काठाला किंवा रिकाम्या प्लॉटवर पडतो. आणि त्याच भागातल्या रस्त्यासाठी खाणीतून नव्या खडीचे हायवा येतात. डोंगर फोडून आणलेल्या त्या खडीचं बरंचसं काम ओढ्यात टाकलेलं काँक्रीट करू शकतं, हे मी लेआउटमधल्या रस्त्यांवर, सोसायट्यांच्या आवारांत आणि शेतरस्त्यांवर पाहिलं आहे. पण हे काम सुरू करताना माहिती एका जागी मिळत नाही, आणि अर्धवट माहितीवर केलेला रस्ता पहिल्या पावसाळ्यातच बसतो. मग दोष काँक्रीटला दिला जातो. तसं होऊ नये म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. राडारोडा आणि पाडकामाच्या काँक्रीटची खडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. निवडलेलं, फोडलेलं, चाळलेलं आणि तपासलेलं काँक्रीट म्हणजे खडी. यातली एक पायरी जरी गाळली तरी तो राडारोडाच राहतो, मग त्यावर कितीही रोलर फिरवा.

१. रस्ता कोणता आणि थर कोणता, ते आधी ठरवा

रस्त्याच्या पोटात खालून वर साधारण असे थर येतात : दाबलेली माती, त्यावर जीएसबी (ग्रॅन्युलर सब-बेस, म्हणजे खडीचा खालचा, पाणी निचरणारा थर), त्यावर डब्ल्यूएमएम (वेट मिक्स मॅकॅडम, म्हणजे पाणी मिसळून दाबलेली खडी) किंवा खडीकरण, आणि सगळ्यात वर डांबर, काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक. पाडकामाच्या काँक्रीटची खडी जीएसबीमध्ये सगळ्यात निर्धास्तपणे चालते. डब्ल्यूएमएममध्येही चालू शकते, पण तिथे चाचण्यांच्या अटी कडक होतात. पहिलंच काम असेल तर फक्त जीएसबीत वापरा आणि वरचा थर खाणीच्या खडीचा ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. लेआउटचे रस्ते, पार्किंग, गोदामाची आवारं, शेतरस्ते ही सुरुवातीला योग्य कामं. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ज्या रस्त्यावरून हंगामभर जाणार, तिथे थरांची जाडी अंदाजाने ठरवू नका, डिझाइन करून घ्या.

याला नियमांचा आधार आहे, हे समोरच्याला सांगता आलं पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १२१ ही २०१७ ची मार्गदर्शिका खास याच विषयावर आहे : बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचा रस्त्यात वापर. केंद्राच्या २०१६ च्या नियमांतही सरकारी आणि महापालिकेच्या कामांत अशा मालाचा १० ते २० टक्के वापर बंधनकारक करण्याची तरतूद होती. १ एप्रिल २०२६ पासून त्या जागी २०२५ चे नवे नियम लागू झाले. त्यात २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांवर आपल्या कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. “हे असलं कुठं चालतं का?” असं विचारणारा भेटतोच. त्याच्यापुढे आयआरसी १२१ ची प्रत ठेवली की चर्चा मुद्द्यावर येते.

२. पाडकामाच्या जागेवर स्वतः जा

मालाचा दर्जा क्रशरवर ठरत नाही, पाडकाम चालू असतानाच ठरतो. जेसीबीने सगळं एकत्र ओढून ढीग केला की त्यातून चांगलं काँक्रीट वेगळं काढणं परवडत नाही. म्हणून पाडकामवाल्याशी आधीच बोला : स्लॅब, बीम, कॉलम, फूटिंग एका ढिगात, विटा, प्लास्टर, फरशी दुसऱ्या ढिगात, माती, लाकूड, प्लास्टिक तिसरीकडे. भंगारवाला सळईसाठी काँक्रीट फोडतोच. त्याच्याकडून सळई पूर्ण काढून घ्यायचं ठरवलं तर तुमचं अर्धं काम फुकटात होतं.

आपल्या भागात काही गोष्टींवर विशेष लक्ष ठेवा.

माळवदाची घरं. गावठाणातल्या जुन्या घरांच्या छतात मातीचा जाड थर असतो. ती माती काँक्रीटच्या ढिगात मिसळली तर प्लास्टिसिटी (ओल्यात चिकट, मऊ होण्याचा गुण) वाढते आणि माल चाचणीत बाद होतो. माळवदाच्या घराचा माल जीएसबीसाठी घेऊच नका. त्यातलं नंतर बांधलेलं आरसीसी तेवढं वेगळं मिळत असेल तर घ्या.

शहाबादी फरशी. जवळपास प्रत्येक जुन्या घरात असते. फोडल्यावर तिचे चपटे, पातळ तुकडे होतात. असे तुकडे रोलरखाली आडवे बसतात आणि मोडतात. फरशी आधी उचलून बाजूला काढायला सांगा, साबूत निघाली तर ती विकलीही जाते.

यंत्रमागाच्या शेडवरचे जुने सिमेंटचे पत्रे. त्यात अॅस्बेस्टॉस असतं. हे पत्रे फोडायचे नाहीत, क्रशरमध्ये तर अजिबात घालायचे नाहीत. त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते. पत्रे न तोडता उतरवून धोकादायक कचरा म्हणून वेगळे द्यायचे. या बाबतीत कुणाचंही ऐकून सूट देऊ नका, कारण ढिगावर दिवसभर उभा असतो तो मजूर.

कारखान्याच्या जमिनी. मागाखालचं तेल प्यालेलं काँक्रीट आणि रंगाईखात्यातलं रसायन मुरलेलं काँक्रीट वेगळं टाका.

पीओपीचं फॉल्स सीलिंग. पीओपी आणि जिप्समच्या बोर्डांत सल्फेट असतं. ओलाव्यात ते सिमेंटशी प्रक्रिया करून फुगतं आणि वरचा थर उचलतो. पांढरा तुकडा दिसला की नखाने ओरखडा. सहज पीठ निघालं तर तो ढिगात नको.

चांगलं काँक्रीट ओळखायची एक सोपी रीत आहे. फोडलेला तुकडा हातात घ्या. आत काळा खडक दिसेल आणि त्याला चिकटलेला राखाडी मसाला. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका. काळ्या दगडावरचा थेंब चमकत राहतो, मसाल्यावरचा बघता बघता आत जातो. हा शोषणारा मसालाच या खडीची सगळी वेगळेपणं ठरवतो : ती हलकी का असते, पाणी जास्त का मागते, रोलरखाली थोडी का झडते. मसाला बोटांनी भुरभुरत असेल तर मूळ काँक्रीटच कच्चं होतं, तो माल भरावाला ठीक.

३. फोडणं आणि चाळणं

मोठे तुकडे ब्रेकरने फोडून क्रशरच्या जबड्यात मावतील एवढे करा. नेहमीचे खडी क्रशरवाले हा माल घ्यायला नाखूष असतात आणि त्यांचं कारण खरं आहे. एक सळई आत गेली तर पट्टा उभा फाटतो. म्हणून पट्ट्यावर चुंबक बसवलेला क्रशर शोधा, किंवा मोबाइल क्रशर भाड्याने मिळतो का ते पाहा. पट्ट्याच्या कडेला दोन माणसं लाकूड, प्लास्टिक, वायर वेचायला उभी करा. मास्क आणि हातमोजे त्यांना द्यायचेच.

फोडून आलेला माल सरसकट नेऊ नका. जीएसबीसाठी रस्ते मंत्रालयाच्या तपशिलात ठरावीक ग्रेडिंग (कोणत्या आकाराचे तुकडे किती, याचे तक्ते) आहेत, त्यापैकी कामात लिहिलेल्या ग्रेडिंगप्रमाणे चाळून, वेगवेगळे आकार मिसळून घ्यावे लागतात. बारीक भुकटीचं प्रमाण वाढणं ही या मालाची नेहमीची खोड. भुकटी जास्त झाली की थरातून पाणी निचरत नाही. कमी पडणारा आकार खाणीच्या खडीतून भरून काढला तर काहीही बिघडत नाही. निम्मी जुनी, निम्मी नवी अशी मिसळही उत्तम चालते.

ढीग उघड्यावर फार दिवस ठेवू नका. भुकटीत न मुरलेलं सिमेंट शिल्लक असतं. पाऊस लागला की ढिगाचं वरचं कवच घट्ट होतं आणि मग ते पुन्हा फोडावं लागतं.

४. चाचण्या : आधी कागद, मग डंपर

माल साइटवर पडायच्या आधी नमुना प्रयोगशाळेत गेला पाहिजे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत चौकशी करा. नमुना ढिगाच्या एका बाजूचा नको, चार-पाच ठिकाणांहून खणून काढलेला आणि एकत्र मिसळलेला हवा.

जीएसबीसाठी या अटी बघायच्या : आघात मूल्य (ठोक्याने किती भुगा होतो) जास्तीत जास्त ४०, बारीक भागाची द्रव मर्यादा (किती पाण्यावर तो वाहायला लागतो) जास्तीत जास्त २५, प्लास्टिसिटी निर्देशांक जास्तीत जास्त ६, आणि कमाल कोरड्या घनतेच्या ९८ टक्क्यांवर सीबीआर (थराची भार पेलण्याची ताकद) कमीत कमी ३०. डब्ल्यूएमएमसाठी आघात मूल्य ३० पर्यंत किंवा लॉस एंजेलिस झीज (घासून किती झिजते) ४० पर्यंत, आणि चपट्या-लांबट तुकड्यांचा एकत्रित निर्देशांक ३५ पर्यंत. सीबीआर या मालाचा सहसा चांगला येतो. अडतं ते झिजेत आणि पाणी शोषण्यात. आपला काळा बेसॉल्ट साधारण १ ते २ टक्के पाणी शोषतो, जुन्या काँक्रीटची खडी ४ ते ८ टक्क्यांपर्यंत जाते. शोषण २ टक्क्यांच्या वर गेलं की साउंडनेसची (हवामानात खडी किती टिकते याची) चाचणी करावी लागते, तीही सोबतच सांगून टाका.

आता सगळ्यात महागात पडणारी अडचण. प्रॉक्टर चाचणीत (किती पाण्यावर माल जास्तीत जास्त घट्ट बसतो ते पाहतात, तिच्यात) या मालाची कमाल कोरडी घनता खाणीच्या खडीपेक्षा कमी येते. पुढे साइटवर वाळूच्या पद्धतीने (थरात खड्डा घेऊन तो वाळूने भरून मोजतात) घनता तपासताना कुणी जुन्या सवयीने बेसॉल्टच्या खडीचा आकडा धरला, तर व्यवस्थित दाबलेला थरही ‘फेल’ दिसतो. मग रोलर आणखी फिरवला जातो, खडीचा भुगा होतो, आणि चांगला थर खरोखरच बिघडतो. म्हणून तुमच्याच मिसळीची प्रॉक्टर करून घ्या आणि तो आकडा तपासणाऱ्या इंजिनिअरच्या हातात आधीच द्या. पाडकामाची जागा बदलली किंवा मिसळीचं प्रमाण बदललं तर प्रॉक्टर नव्याने.

५. काळी माती

खाली काळी माती असेल, आणि सोलापुरात बहुतेक ठिकाणी असतेच, तर वरचा थर कसलाही असो, मातीचा बंदोबस्त आधी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्या भेगांत काठी घुसते. काँक्रीटची खडी हे थांबवू शकत नाही.

काळी माती कमी जाडीची असेल तर काढून टाका आणि चांगला मुरूम थराथराने दाबा. खोल असेल तर चुन्याने स्थिर करणं किंवा वर मुरमाचा पुरेसा थर देणं, यापैकी काय करायचं ते मातीची सीबीआर आणि फुगवट्याची चाचणी पाहून ठरवा. माती खडीत घुसू नये म्हणून मधे मुरमाचा थर लागतोच. खडी थेट ओल्या काळ्या मातीवर टाकाल तर पहिल्याच पावसाळ्यात माती वर येईल.

६. पाणी : खरी कसोटी इथे आहे

हिशोब करून दाखवतो. रस्ता १०० मीटर लांब, ३.७५ मीटर रुंद, जीएसबी दाबून १५० मिलिमीटर. दाबलेलं घनफळ ५६.२५ घनमीटर. सैल मालाला तीस टक्के जास्त धरले तर साधारण ७३ घनमीटर, म्हणजे जवळपास २६ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट).

बेसॉल्टच्या खडीची कोरडी घनता २.२५ टन प्रति घनमीटर धरली तर वजन सुमारे १२७ टन, आणि ६ टक्के पाणी म्हणजे साडेसात हजार लिटरच्या आसपास. जुन्या काँक्रीटची घनता १.९५ धरली तर वजन ११० टन, पण पाणी १० टक्के लागलं तर ११,००० लिटर. माल हलका आणि पाणी जवळपास दीडपट. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे आकडे प्रॉक्टरमधून घ्या. यावरून दोन गोष्टी कळतात : टनावर खरेदी केलीत तर तेवढ्याच टनांत जास्त रस्ता होतो, आणि नेहमीचा एक टँकर सांगून भागणार नाही.

बरं, हे पाणी नुसतं जास्त ओतून चालत नाही, ते मुरायला वेळ द्यावा लागतो. रोलर फिरवताना वरून टँकर मारला तर भुकटी चिखल होते आणि तुकड्यांच्या पोटातला मसाला कोरडाच राहतो. तो तासाभरात भुकटीतलं पाणी ओढून घेतो आणि थर सुटा पडतो. म्हणून आदल्या संध्याकाळी ढिगावर पाणी मारा, जेसीबीने एकदा खालीवर करा, ताडपत्रीने झाका. सकाळी माल आतून ओला मिळतो आणि साइटवर वरचं थोडंच पाणी द्यावं लागतं. दाबताना ओलावा प्रॉक्टरमध्ये आलेल्या योग्य प्रमाणाच्या १ टक्का वर ते २ टक्के खाली या पट्ट्यात हवा.

एप्रिल-मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात दुपारी पसरलेला माल डोळ्यांदेखत पांढरा पडतो. त्या दिवसांत पहाटे किंवा दिवस उतरल्यावरच पसरा.

पाणी कुठलं, हाही प्रश्न आहे. शहरात काही दिवसांआड नळाला पाणी येतं, तिथे पिण्याचं पाणी रस्त्याला वापरणं मला पटत नाही. या थरात सळई नसते, त्यामुळे बोअरचं खारं पाणी किंवा प्रक्रिया केलेलं सांडपाणी चालू शकतं. कामाच्या अटींत पाण्याबद्दल काही लिहिलं असेल तर तेवढं आधी पाहा.

७. पसरणं आणि दाबणं

ग्रेडरने किंवा पेव्हरने एकसारख्या जाडीत पसरा. डंपरमधून एका जागी ओतून फावड्याने ओढला की जाड तुकडे कडेला आणि भुकटी मधे जमते. असा भाग दिसला तर तो उचलून पुन्हा मिसळून घाला, वरून भुकटी मारून झाकू नका.

आठ-दहा टनी व्हायब्रेटर रोलर असेल तर एका थरात दाबून २०० मिलिमीटरपर्यंत जाता येतं. १५० ठेवलं तर काम जास्त खात्रीचं होतं. पहिल्या फेऱ्या व्हायब्रेशन बंद ठेवून, मग चालू करून. कडेकडून मध्याकडे, प्रत्येक फेरीत मागच्या पट्ट्याचा निदान तिसरा हिस्सा झाकत, वेग ताशी पाच किलोमीटरच्या आत. सुरुवातीला थोडी लांबी चाचणीपट्टा म्हणून करा. किती फेऱ्यांत ९८ टक्के घनता मिळते ते तिथे कळतं. त्याच जागी दाबल्यानंतरचा नमुना काढून पुन्हा चाळून पाहा. भुकटी बरीच वाढली असेल तर व्हायब्रेशनचा जोर कमी करा.

या थराला नंतरच्या आठवड्यांत स्वतःहून थोडी ताकद येते, कारण उरलेलं सिमेंट पाण्याशी प्रक्रिया करतं. हा फायदा हिशोबात धरू नका, तो वरकड समजा.

८. निचरा

जीएसबीचं पाणी बाहेर पडायला वाट हवी. थर साइडपट्टीखालून गटाराच्या बाजूला उघडा होईपर्यंत न्या. कडेला काळ्या मातीचा बांध ठेवला तर रस्त्याखाली पाण्याचं टाकं तयार होतं.

जुन्या काँक्रीटमधून झिरपणारं पाणी चुन्याच्या पाण्यासारखं अल्कधर्मी असतं. त्यातून तीन काळज्या निघतात. गॅल्व्हनाइज्ड किंवा अॅल्युमिनियमच्या पाइपला हा थर लागून ठेवू नका. सिमेंटच्या ह्यूम पाइपला काही होत नाही. निचऱ्याच्या पाइपभोवती बारीक जाळीचं कापड गुंडाळलं असेल तर त्यावर पांढरं कवच धरून ते तुंबू शकतं. म्हणून पाइपला लागून खाणीची धुतलेली खडी घाला. आणि विहिरीच्या, आडाच्या किंवा तळ्याच्या अगदी काठाला हा माल वापरू नका.

९. जवळ ठेवायचे कागद आणि साहित्य

- पाडकामाच्या परवानगीची प्रत आणि माल देणाऱ्याचं पत्र : कुठल्या इमारतीचा, किती ब्रास, कोणत्या तारखेला
- प्रत्येक डंपरसोबत चलन. रस्त्यात गाडी अडवली तर हा खाणीतला गौण खनिजाचा माल नाही, हे त्यावरून दाखवता येतं
- प्रयोगशाळेचे अहवाल आणि तुमच्या मिसळीची प्रॉक्टर
- आयआरसी १२१ आणि कामाच्या अटींची प्रत
- वापराला इंजिनिअरची किंवा सोसायटीची लेखी संमती. तोंडी “चालेल की” यावर माल उतरवू नका
- चाळण्यांचा संच, वजनकाटा, वाळूच्या पद्धतीचं घनतेचं उपकरण, लांब पट्टी, ताडपत्री, मास्क आणि हातमोजे

मजुरांची उपलब्धता पाहूनच तारखा ठरवा. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत माणसं मिळत नाहीत, आणि थर अर्धवट उघडा टाकून गेलात तर त्यावरून गाड्या जाऊन वरची खडी सुटते.

१०. वरचा थर आणि पहिला पावसाळा

जीएसबी तपासून झाला की वरचा थर लगेच घ्या. डब्ल्यूएमएम झाल्यावर २४ तास सुकू द्या आणि डांबर पडेपर्यंत वाहनं सोडू नका. जुन्या काँक्रीटचा माल सर्वात वरच्या खडीत वापरला असेल तर तो प्राइम कोटही (मुख्य डांबराआधी मारायचा पातळ डांबरी थर) जास्त पितो. छोट्या तुकड्यावर मारून प्रमाण ठरवा.

सप्टेंबरचे मोठे पाऊस झाले की एकदा रस्ता चालत पाहून या. गटाराच्या बाजूला थरातून पाणी झिरपताना दिसलं तर निचरा चालू आहे. झिरपण्याच्या जागी पांढरा थर साचला असेल तर खरवडून वाट मोकळी करा. कडेला लांबीच्या दिशेने भेग गेली असेल तर ती बहुतेक काळ्या मातीच्या आकसण्याची असते. साइडपट्टी उकरून मुरूम दाबा आणि भेग बिटुमेनने भरा. चाकांच्या पट्ट्यात खोलगट पडली असेल तर मात्र तिथे छोटा खड्डा घेऊन प्रत्येक थराचा ओलावा आणि घनता तपासा, आणि कोणता थर बसला ते कळल्यावरच दुरुस्तीला हात घाला.